लघु-गुरूंचा वर्ग

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपण कोणत्या विषयावर बोलाल, असे चिटणीसांनी मला विचारले तेव्हा मी एकाच शब्दात उत्तर दिले : 'वृत्ते'. चिटणीसांना वाटले, मी वर्तमानपत्रांविषयी बोलणार! त्यांचा हा समज अगदी स्वाभाविक होता. वृत्त म्हणजे बातमी, हाच अर्थ आज आपल्या कानाला सवयीचा झाला आहे. कवितेच्या ओळीला जे वळण असते, लघू आणि गुरू अक्षरांचा जो ठराविक क्रम असतो, त्यालाही वृत्तच म्हणतात, हे आठवायला आपल्याला थोडे थांबावे लागते. या विस्मरणाविषयीच मला आज बोलावयाचे आहे.

मी साहित्याचा प्राध्यापक नव्हे. बी.ए.पर्यंत शिकलेला, केंद्र सरकारच्या नोकरीत कागदपत्रे चाळत पन्नाशी ओलांडलेला मी एक सामान्य सभासद. परंतु गेली काही वर्षे दर रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत अकरा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींना वृत्ते ओळखावयास व त्यांत चार ओळी रचावयास शिकविण्याचे काम माझ्याकडे आले आहे. हा वर्ग पुढील वर्षी चालू ठेवावा, की ती वेळ अधिक उपयुक्त अशा एखाद्या उपक्रमास द्यावी, हा प्रश्न येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. पालकांचे आक्षेप मी ऐकले आहेत. मुले घरी मराठी बोलतात, पण लिहिताना अडखळतात. ज्यांना धड पत्र लिहिता येत नाही त्यांना शार्दूलविक्रीडित कशाला, हा पहिला आक्षेप. आजचे कवी मुक्तच्छंदात लिहितात, मग ही जुनी मापे कोणासाठी, हा दुसरा. आणि येथे राहायचे तर कन्नड नीट यावी, त्या वेळात मराठीचे व्याकरण कशाला, हा तिसरा. तिन्ही आक्षेप आपल्या मुलांच्या काळजीतून आलेले आहेत. म्हणून वर्गात प्रत्यक्ष काय चालते ते आधी सांगतो. निर्णय आपण करावा.

पहिल्या दिवशी आम्ही वह्या उघडत नाही. टाळी वाजवितो. अ, इ, उ, ऋ हे ह्रस्व स्वर असलेले अक्षर लघू, त्याची एक मात्रा. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेले अक्षर गुरू, त्याच्या दोन मात्रा. अनुस्वार किंवा विसर्ग असलेले अक्षर गुरू. पुढे जोडाक्षर येऊन मागच्या अक्षरावर आघात पडला तर तेही गुरू. 'सत्य' म्हणून पाहा, 'स' वर जोर पडतो. म्हणून तो गुरू. 'तुम्ही' म्हणून पाहा, 'तु' वर जोर पडत नाही. म्हणून तो लघूच. हा भेद पुस्तकात वाचून कळत नाही. तोंडाने उच्चारून आणि कानाने ऐकून कळतो. दिन आणि दीन, सुत आणि सूत, चिर आणि चीर यांतला फरक आमच्या मुलांना शुद्धलेखनाच्या लाल शाईने कधी कळला नव्हता. एका आणि दोन टाळ्यांनी तो अर्ध्या तासात कळला. ज्यांना पत्र लिहिता येत नाही त्यांना वृत्ते कशाला, या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे. ह्रस्व-दीर्घाची जाण कानातून हातात उतरते, आणि कान तयार करण्याचे वृत्ताहून सोपे साधन मला ठाऊक नाही.

मग येतात गण. तीन अक्षरांचा एक गण, आणि असे एकूण आठ. आपल्या पिढीने ते 'यमाताराजभानसलगं' या सूत्रावरून किंवा 'यमाचा, राधिका, ताराप' अशा शब्दांवरून पाठ केले. मुलांना 'ताराप' म्हणजे काय ते ठाऊक नसते. म्हणून आम्ही वर्गात भारताचा नकाशा लावला आणि गावांची व प्रांतांची नावे शोधली. अकोला : लघू, गुरू, गुरू, हा य गण. सातारा : तिन्ही गुरू, हा म गण. मुंबई झाला र गण, विदर्भ ज गण, नाशिक भ गण, मिरज न गण आणि खडकी स गण. त गण काही केल्या सापडेना. तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "काका, हेब्बाळ!" हे, ब्बा, ळ : गुरू, गुरू, लघू. अगदी बरोबर! आठ गणांपैकी एक आमच्या रस्त्याच्या पाटीवरच लिहिलेला होता. त्यानंतर मुलांना नादच लागला. 'कन्नड' हा भ गण निघाला, 'मराठी' हा य गण. आणि य गण चार वेळा आला की भुजंगप्रयात होते, हे सांगताच सगळा वर्ग मनाच्या श्लोकांच्या चालीवर 'मराठी मराठी मराठी मराठी' असे म्हणू लागला. रामदासांचे ते २०५ श्लोक याच वृत्तात आहेत, आणि तेच माप फार्सी-उर्दू काव्यात 'मुतकारिब' या नावाने नांदते, हे मी सांगितले. पण त्या आनंदात कोणी ऐकले असेल तर शपथ!

आता रचनेकडे वळतो, कारण खरी परीक्षा तेथे होते. हेब्बाळ तलावाच्या काठी पाणपक्षी असतात. त्यांवर भुजंगप्रयातात एक ओळ करा, असे मी सांगितले. एका मुलीने लिहिले :

तळ्याच्या किनारी उभा एक बगळा

ओळ कानाला गोड लागते. मात्रा मोजल्या तर बरोबर वीस भरतात. पण भुजंगप्रयातात बारा अक्षरे हवीत. येथे तेरा झाली. 'क बगळा' यात तीन लघू आणि एक गुरू असा क्रम आला; हवा होता लघू, गुरू, गुरू. मी तसे म्हणताच ती मुलगी म्हणाली, "पण काका, म्हणताना तर बरोबर येते!" तिचे म्हणणे खरे होते. आपण बोलताना 'ब-ग-ळा' असा तीन अक्षरी उच्चार करीतच नाही. 'बग्-ळा' असा दोन अक्षरी करतो. बोलीत मधला अकार गिळला जातो, आणि त्या दोन अक्षरांचे वजन दोन गुरूंइतकेच होते. मुलीचा कान चुकला नव्हता. तो बोलीच्या मराठीशी प्रामाणिक होता. वृत्त मात्र लिहिलेल्या प्रत्येक अक्षराला त्याचा पूर्ण उच्चार मागते. जुन्या पद्धतीने श्लोक म्हणणारी माणसे 'न' ला 'न' आणि 'म' ला 'म' इतके स्वच्छ म्हणत, त्याचे कारण हेच. पुढच्या रविवारी वर्गाने मिळून ती ओळ अशी केली :

तळ्याच्या किनारी उभा पांढरा तो
मुक्याने बघे वाट का मासळीची

'पांढरा' मधल्या 'ढ'ला आणि 'मासळी' मधल्या 'स'ला येथे पुरते बोलावे लागते. नाहीतर चाल लंगडी पडते. बगळ्याचे नाव ओळीतून गेले, पण बगळा गेला नाही. उलट अधिक स्पष्ट दिसू लागला. वृत्ताचे बंधन शब्द शोधावयास लावते, आणि शोधताना कधी कधी चांगला शब्द सापडतो, हे त्या दिवशी मुलांनी स्वतः अनुभवले. त्यावर मला व्याख्यान द्यावे लागले नाही.

येथे आपल्या बंगळूरच्या मुलांना एक लाभ आहे, आणि तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर त्यात आहे. कन्नडमध्ये शब्दाच्या मधला आणि शेवटचा अकार सामान्यतः पूर्ण उच्चारला जातो. शाळेत कन्नड वाचणाऱ्या मुलाची जीभ त्यामुळे आधीच तयार असते. शिवाय जी मुले शाळेत कन्नड प्रथम भाषा म्हणून घेतात त्यांना 'छंदस्सु' हा भाग असतोच. ओळीवर लघू-गुरूंच्या खुणा करण्याला ते 'प्रस्तार घालणे' म्हणतात. आमच्या वर्गातली दोन मुले त्यात इतकी तरबेज होती की पहिल्या महिन्यात मीच त्यांच्याकडून काही गोष्टी शिकलो. कन्नड कवींचे 'कंद' हे पद्य आणि आपल्या मोरोपंतांची गीती ही सख्खी भावंडे आहेत. दोहोंच्या पहिल्या व तिसऱ्या चरणात बारा मात्रा. दुसऱ्या व चौथ्या चरणात गीतीला अठरा, तर कंदाला वीस. आपण ज्याला पंतांची आर्या म्हणतो ती बहुतेक ठिकाणी गीतीच असते. कुमारव्यासाने ज्या भामिनी षट्पदीत कन्नड भारत रचले, तिच्यात तीन आणि चार मात्रांची पावले आलटून पालटून पडतात. सात मात्रांचा तो झोका मुलांनी एकदा हाताने धरला की मराठीतला सात मात्रांचा झोका त्यांना परका वाटत नाही. नागवर्माने दहाव्या शतकाच्या अखेरीस 'छंदोंबुधि' हा कन्नड छंदांचा ग्रंथ रचला, तो आपल्या पत्नीला उद्देशून. वृत्ते घरातच शिकवावीत, याला याहून जुना दाखला कशाला हवा! आणि धारवाडचे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांची मातृभाषा मराठी. त्यांनी कन्नड काव्याला लोकगीतांची लय दिली, १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळविला, आणि मराठीतही लेखन केले. एक भाषा दुसरीच्या आड येते असे ज्यांना वाटते त्यांनी बेंद्र्यांकडे पाहावे. या हेब्बाळच्या भूमीतच कित्तय्य नावाच्या वीराचा, इ.स. ७५० च्या सुमाराचा, जुन्या कन्नड अक्षरांतला शिलालेख सापडला आहे. अशा अक्षरसंपन्न गावात राहून आपण आपली अक्षरे मोजावयास विसरलो, तर दोष गावाचा नव्हे.

मराठीत ही विद्या शिकविण्याची परंपरा मोठी आहे. परशुरामतात्या गोडबोले यांचे 'वृत्तदर्पण' हे लहानसे पुस्तक कित्येक पिढ्यांच्या हाती होते. पुढे माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव ज्यूलियन, यांनी या विषयाला शास्त्राचे रूप दिले. ते फार्सीचे प्राध्यापक होते. फार्सी वृत्तांची संस्कृत आणि मराठी वृत्तांशी तुलना करून, अक्षरांच्या संख्येवर चालणारे ते छंद, मात्रांवर चालणाऱ्या त्या जाती, आणि लघू-गुरूंच्या ठराविक क्रमावर चालणारी ती वृत्ते, अशी स्वच्छ वाटणी त्यांनी केली. त्यांच्या 'छंदोरचना' ग्रंथाची वाढविलेली आवृत्ती १९३७ मध्ये निघाली आणि १९३८ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट्. पदवी दिली. वर्गात आम्ही हीच वाटणी पाळतो. लहान मुलांना आधी मोठा अभंग देतो : सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, दुसऱ्या व तिसऱ्या चरणात यमक. तेथे लघू-गुरू पाहावयाचे नसतात, बोटांवर मोजले की झाले. मग मात्रांची जाती, आणि शेवटी गणवृत्ते.

परंतु आजच्या काळात वृत्ते शिकविण्याचे सर्वांत मोठे काम, माझ्या मते, एका कवीने शाळेबाहेर केले. सुरेश भटांनी मराठी गझल लोकप्रिय केली हे सर्वांस ठाऊक आहे. पण नव्या कवींसाठी त्यांनी 'गझलेची बाराखडी' ही छोटी पुस्तिका लिहिली, ती होतकरूंच्या हाती दिली, आणि गावोगावच्या नवशिक्यांना पत्रांतून मार्गदर्शन केले, ही गोष्ट मला त्यांच्या गझलांइतकीच मोलाची वाटते. काफिया, रदीफ आणि वृत्त यांची शिस्त पाळल्याशिवाय गझल होत नाही, हे त्यांनी कोणाला न दुखविता पण कोणाला न सोडता सांगितले. त्या पुस्तिकेच्या आधारे शिकलेले कितीतरी लोक कोणत्याही महाविद्यालयात साहित्य शिकलेले नव्हते. पोस्टाने जे शिकविता आले, ते आपल्याला एका खोलीत समोरासमोर बसून शिकविता येऊ नये काय?

राहिला मुक्तच्छंदाचा प्रश्न. कवी अनिलांनी मराठीत मुक्तच्छंदाचा आग्रहाने पुरस्कार केला. पण त्यांचा आरंभ लयबद्ध गीतांपासून झाला होता, आणि उत्तरायुष्यात त्यांनी दहा चरणांची 'दशपदी' ही आखीव रचना हाताळली. त्याच नावाच्या संग्रहास १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मर्ढेकरांची कविता नवी खरी, पण तिच्या अंगावर अभंग आणि ओवीचे जुने वस्त्र किती वेळा दिसते! सोडून देण्यासाठी सुद्धा एखादी गोष्ट आधी हातात असावी लागते. आमच्या मुलांपैकी कोणी पुढे मुक्तच्छंदात लिहिले तर मला आनंदच होईल. ते ठरवून लिहिलेले असेल.

एक गोष्ट मी मुलांपासून लपवीत नाही. वृत्त आणि शुद्धलेखन यांचे कधी कधी भांडण होते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनुसार आपण 'कवि' आता 'कवी' लिहितो, 'गुरु' आता 'गुरू' लिहितो. गंमत पाहा, संस्कृतातल्या 'गुरु' या शब्दात दोन्ही अक्षरे लघू आहेत! नव्या लेखनाने शेवटचे अक्षर गुरू झाले आणि ओळीचे माप बदलले. नियम करणाऱ्यांना याची जाणीव होती. केशवसुतांपूर्वीचे पद्य छापताना ते मुळानुसार छापावे, असे त्यांनी नियमातच सांगून ठेवले. ही सवलत का ठेवली, हे ज्याला समजते त्याला नियमही समजतो.

त्याचे एक उदाहरण सांगतो. आपल्या घरांत एक कठीण गणवृत्त अजून जिवंत आहे, आणि त्याचे नाव ठाऊक नसतानाही आपण सर्वजण त्याच्या तालावर अक्षता टाकतो. लग्नातली मंगलाष्टके बहुधा शार्दूलविक्रीडितात असतात. एकोणीस अक्षरे, बारा अक्षरांनंतर यती, म्हणजे थांबा, मग सात अक्षरे. प्रत्येक अष्टकाच्या शेवटी येणारे, सर्वांना पाठ असलेले संस्कृत आशीर्वचन नेमके त्या शेवटच्या सात अक्षरांत बसते. पूर्वी घरातली एखादी मावशी वा काका लग्नासाठी नवे मंगलाष्टक रचीत असत, त्यात दोन्ही घरांची नावे गुंफीत असत. आज छापील पुस्तिकेतून वाचले जाते, आणि पुष्कळदा चाल एकीकडे, शब्द दुसरीकडे जातात. आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या थोरल्या बहिणीचे लग्न ठरले. आजी लग्नाच्या काही महिने आधी गेल्या होत्या. मुलीने तीन रविवार खपून एक मंगलाष्टक रचले. त्यातली एक ओळ तिच्या परवानगीने येथे देतो :

आजी आज इथे नसे, तरि तिचा आशीष राहो शिरी

तिने मला विचारले होते, "'तरी' मधला 'री' ह्रस्व केला तर चालेल का? शाळेत चूक धरतील." मी म्हणालो, गद्यात चूक, येथे परंपरेने दिलेली मुभा, आणि ती तू का घेतलीस हे तुला ठाऊक आहे, म्हणून ती तुझी. मंडपात तिने ती ओळ यतीवर थांबून म्हटली. त्या थांब्यात काय झाले ते तेथे असलेल्यांना ठाऊक आहे. ती मुलगी या गावात जन्मली, मराठी शाळा तिने पाहिलेली नाही. आजीविषयी जे तिला म्हणावयाचे होते ते इंग्रजीत म्हणता आले असते, नाही असे नाही. पण आजीला इंग्रजी येत नव्हते.

मित्रहो, मराठी आपल्या घरांत केवळ जेवायला बोलाविण्यापुरती उरेल की काय, ही भीती आपल्या सर्वांच्या मनात आहे. हा वर्ग त्यावरचा रामबाण उपाय आहे असे मी म्हणणार नाही. मुले थोडी आहेत, आणि परीक्षेच्या दिवसांत आणखी थोडी होतात. तरी एक स्मरण देतो. १६३८ नंतर हे बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. त्यांच्या येथील दरबारात जयराम पिंड्ये नावाचा कवी आला. त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले. अर्थ असा, की मला बारा भाषांत काव्य करता येते. त्याच्या 'राधामाधवविलासचंपू' या ग्रंथात, जो इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केला, त्या दरबारातल्या समस्यापूर्तींचे वर्णन आहे. एकाने चरण द्यावा, दुसऱ्याने त्याच मापात श्लोक पुरा करावा, असा तो खेळ. म्हणजे वृत्तात बोलणारे मराठी बंगळूर हे साडेतीनशे वर्षांहून जुने आहे. आपण काही नवे वेड आणलेले नाही.

माझ्या मागण्या तीनच आहेत. पहिली, रविवारचा हा एक तास सर्वसाधारण सभेने आणखी तीन वर्षे राखून ठेवावा. दुसरी, गणेशोत्सवात नाटक आणि गाण्यांबरोबर अर्धा तास समस्यापूर्तीला द्यावा. चरण मंडळाने द्यावा, पूर्ती लहानथोरांनी करावी, आणि कन्नड शेजाऱ्यांनाही कंदात उत्तर देण्याचे निमंत्रण असावे. तिसरी मागणी पालकांकडे : मूल ज्या दिवशी चार ओळी घेऊन येईल, त्या दिवशी 'छान' म्हणून त्या बाजूला ठेवू नका. त्याच्याबरोबर टाळी वाजवून त्या मोजा. कोठे अडखळले तर त्यालाच विचारा. आपल्यापैकी अनेकांचे गण गंजले असतील. मुले ते घासून देतील.

  वर्ग येत्या रविवारी नेहमीप्रमाणे सकाळी दहा वाजता आहे. मोठ्यांनाही मज्जाव नाही.